घटस्फोटाच्या अर्जाला पालकत्वाचा आराखडा जोडायला लावा

अठरा वर्षांखालचं मूल असलेल्या नवरा-बायकोला वेगळं व्हायचं असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच दोघांना समोरासमोर बसवून मुलाचं पुढचं आयुष्य कसं सांभाळणार हे लिहून घेतलं पाहिजे. शाळा, फी, औषधपाणी, सुट्ट्या, सणवार, आजी-आजोबा, फोन, सगळं. एकत्र बसणं शक्यच नसेल तर प्रत्येकाने आपापला लेखी प्रस्ताव द्यावा. पण असा आराखडा जोडल्याशिवाय घटस्फोटाचा किंवा मुलाच्या ताब्याचा अर्ज पुढे सरकू नये, अशी माझी मागणी आहे. मी वकील नाही. प्राथमिक शाळेत शिकवते, आणि आईबाबा वेगळे राहतात अशी मुलं वर्गात असणं आता अपवादाचं राहिलेलं नाही.

या मुलांना काय होतं ते आम्हा शिक्षकांना जवळून दिसतं. आईबाबा एका घरात राहत नाहीत हे मूल काही महिन्यांत पचवतं. त्याला पचत नाही ते दोघांच्या मधला निरोप्या होणं. ‘बाबांना सांग, व्हॅनचे पैसे राहिलेत.’ ‘आईला सांग, पुढच्या रविवारी मी येतोय, तिने अडवून दाखवावं.’ आठ-नऊ वर्षांचं पोर हे निरोप घेऊन जातं, आणि वाटेत त्यातला कडवटपणा आपल्या परीने कमी करून सांगतं. अशी मुलं फार लवकर शहाणी होतात आणि लोक त्यांचं कौतुक करतात. ते कौतुक ऐकलं की मला वाईट वाटतं.

चौथीतली एक मुलगी आठवते. गॅदरिंगच्या कोळीनृत्यात पहिल्या रांगेत होती, पाठांतर पक्कं, ठेका पक्का. कार्यक्रमाला आठवडा राहिला आणि तिचा पाय दुखायला लागला. दोन दिवसांनी पुन्हा दुखला. तिसऱ्यांदा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, ‘बाई, मला नका घेऊ. मी नसले की दोघंही येणार नाहीत.’ आदल्या वर्षी शाळेच्या फाटकाशी तिच्या आईची आणि वडिलांची सगळ्यांसमोर बाचाबाची झाली होती, मामाने वडिलांची कॉलर धरली होती. तिने स्वतःपुरता तोडगा शोधला होता. दोघांपैकी एकालाही कमी लेखायला नको आणि तमाशाही नको, मग आपणच नाचायचं नाही. त्या वर्षी तिचे कपडे दुसऱ्या मुलीने घातले.

मुलांच्या मानसिक आरोग्यावर जगभर जो अभ्यास झाला आहे, त्याचा सूर गेली काही दशकं बऱ्यापैकी एकच आहे: मुलांचं नुकसान आईबाबा वेगळे झाल्याने होतं त्याहून जास्त, त्यांचं भांडण मुलांच्या डोळ्यांदेखत आणि मुलांवरून चालू राहिल्याने होतं. एका छपराखाली राहून रोज भांडणाऱ्यांच्या मुलांचंही तेच होतं. म्हणून ‘मुलांसाठी तरी एकत्र राहा’ हा जो सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. तुटायचं ते तुटू द्यावं. समाजाने आणि न्यायालयाने आपली ताकद लावायची ती तुटल्यानंतरचं भांडण मुलापर्यंत पोचू नये यासाठी.

कायद्याने मूल दुर्लक्षिलं आहे असं नाही. पालक व पाल्य कायदा 1890 चा, सर्व धर्मीयांना लागू. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात वडील नैसर्गिक पालक आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असं म्हटलं आहे, पाच वर्षांखालचं मूल साधारणतः आईकडे असावं असंही म्हटलं आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम 13 ने मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं आहे. 1999 साली गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या ‘नंतर’चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असा न घेता त्यांच्या अनुपस्थितीत असा घेतला. त्याच्याही कितीतरी आधी, 1973 मध्ये रोझी जेकब प्रकरणात, मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत की खेळणी नव्हेत, असं न्यायालयाने स्पष्ट सांगून ठेवलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत, जी भारताने 1992 मध्ये मान्य केली, आईपासून किंवा वडिलांपासून दुरावलेल्या मुलाला दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क आहे. हा हक्क मुलाचा आहे, हे पुन्हा सांगायला हवं, कारण प्रत्यक्षात भांडण चालतं ते ‘माझा हक्क’ आणि ‘तिचा हक्क’ असं.

तत्त्व पक्कं असूनही गाडी अडते ती कामकाजाच्या पद्धतीत. एकाने अर्ज टाकायचा. दुसऱ्याला नोटीस जायची. ‘से’ म्हणजे लेखी उत्तर दाखल करायला मुदत, मग पुढची तारीख. मुलाच्या अंतरिम ताब्याचा वेगळा अर्ज, त्यालाही ‘से’, त्यालाही तारीख. आणि या प्रत्येक कागदात समोरचा माणूस पालक म्हणून किती नालायक आहे हे शपथेवर लिहायचं. नोकरीवरून उशिरा येणारी आई ‘मुलाकडे दुर्लक्ष करणारी’ होते, मित्रांसोबत महिन्यातून एकदा बसणारा बाप ‘व्यसनी’ होतो. वकील आपलं काम करत असतात, पक्षकाराची बाजू भक्कम मांडणं हेच त्यांचं काम. पण वर्षभर असे कागद एकमेकांवर फेकून झाल्यावर त्याच दोघांना ‘आता मुलासाठी सहकार्य करा’ म्हणून समुपदेशकाकडे पाठवायचं, यात कसलं शहाणपण आहे? त्या वेळेपर्यंत दोघांनी एकमेकांबद्दल जे लिहिलेलं असतं ते पुसता येत नाही. शिवाय तोवर मूल एकाच घरी राहून दीड-दोन वर्षं झालेली असतात, दुसऱ्याची सवय मोडलेली असते, आणि मग ‘मूल तिकडे जायला तयार नाही’ हा खरा ठरलेला मुद्दा बनून पुढे येतो.

ज्यांनी न्यायालयातली भेट पाहिली नाही त्यांनी एकदा पाहावी. माझ्या नात्यातल्या एका मुलाला सोबत म्हणून मी गेले होते. भेटीसाठी राखून ठेवलेली खोली, भिंतीवर कार्टूनची चित्रं, कोपऱ्यात तुटकी खेळणी. ठरलेल्या तासाच्या आधीच बाप येऊन बसलेला, मांडीवर रिमोटच्या गाडीचा मोठा खोका. मूल आजीचं बोट सोडेना. आजी दाराशी उभी, खोलीत येणार नाही आणि नजरही हलवणार नाही. वीस मिनिटं मूल गाडीकडे बघत होतं, हात लावत नव्हतं. मग लावला. मग हसलं. बापाच्या गुडघ्याला टेकून बसलं, आणि त्याच क्षणी मान वळवून त्याने दाराकडे, आजीकडे पाहिलं. वेळ संपल्यावर गाडी घरी नेता आली नाही, कारण ‘तिकडचं काही घरात नको’ असं बजावलेलं होतं. बापाने खोका पुन्हा बांधला, स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि गेला. या एका तासातून कुणाचं कसलं हित साधलं ते मला कळलं नाही, पण पाच वर्षांच्या मुलाने हसण्याआधी परवानगी शोधली, ते मी पाहिलं.

या भेटी बंद कराव्यात असं मी मुळीच म्हणत नाही. अनेक मुलांना दुसऱ्या पालकाचं तोंड दिसतं ते याच खोल्यांमुळे, आणि तिथले समुपदेशक कमालीच्या चिकाटीने काम करतात. पण ती खोली शेवटचा उपाय असायला हवी. आज अनेकांच्या बाबतीत ती पहिली पायरी असते, कारण त्याआधी कुणी त्यांना साधे व्यवहाराचे प्रश्न विचारलेलेच नसतात.

ते प्रश्न अगदी घरगुती असतात. नात्यातल्याच एका दुसऱ्या जोडप्याने, एका निवृत्त न्यायाधीशांना मध्ये घालून, साडेतीन पानांचा करार केला. मी तो वाचला आहे. त्यात प्रेम, जिव्हाळा असले शब्द कुठेही नाहीत. गणपतीचे दीड दिवस मूल वडिलांकडे, कारण गणपती त्यांच्या गावच्या घरी बसतो. भाऊबीज आईकडे, कारण मुलाची मावसबहीण तिकडे आहे. दिवाळीची पहिली आंघोळ एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, पण कोकणात जायचं असेल तर सलग दहा दिवस मिळतील. भेटीचा दिवस बदलायचा असेल तर गुरुवारी रात्री नऊपर्यंत मेसेज करायचा, नंतर नाही. दम्याचा पंप मुलाच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात राहील आणि दोन्ही घरी एकेक जास्तीचा. मेसेज फक्त मुलाबद्दल, जुन्या गोष्टींबद्दल एक शब्द नाही. आणि एक अट अशी, की मुलासमोर दुसऱ्याला नावाने किंवा ‘तो माणूस’, ‘ती बाई’ म्हणायचं नाही, आई आणि बाबाच म्हणायचं. त्या दोघांचं आजही पटत नाही. एकमेकांच्या घराची पायरी ते चढत नाहीत. पण मूल दोन्हीकडे मोकळेपणाने राहतं, आणि चुकून पंप विसरला तर कुणाच्या जिवाला घोर लागत नाही.

सहकार्य या शब्दाला लोक घाबरतात, कारण त्यांना वाटतं की त्यासाठी मनं जुळायला हवीत. ज्यांची मनं जुळत होती ते वेगळे कशाला होतील? इथे लागतं ते शेजारच्या दोन शेतकऱ्यांमध्ये पाण्याच्या पाळीचं असतं तसलं सहकार्य: बोलाचाली नसली तरी पाळी ठरलेली असते, आणि ती मोडली तर पीक जातं हे दोघांना ठाऊक असतं. खूपच कटुता असेल तर दोघांनी समोरासमोर यायचंही कारण नाही. मुलाला शाळेतून एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं, म्हणजे दाराशी भेट होतच नाही. जितकं लिहून ठेवाल तितकं बोलावं कमी लागतं, आणि जितकं बोलावं कमी लागतं तितकं भांडण कमी होतं.

हा आराखडा बाहेरच्या देशांचा नमुना उचलून चालणार नाही, हेही सांगते. ‘एकाआड एक शनिवार-रविवार’ हे गणित आपल्याकडे बसत नाही. कित्येक शाळा शनिवारी भरतात, रविवारी क्लास असतो. चाळीतल्या एका खोलीत आजी-आजोबा, काका-काकू राहतात, तिथे मुलाने रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न असतो. बाप ड्रायव्हर किंवा सिक्युरिटीत असेल तर त्याची सुट्टी कधी रविवारची नसतेच. आणि आपल्याकडे मूल दोन माणसांचं नसतं, दोन घरांचं असतं. आजोळ आहे, आत्या आहे, कुलदैवताला जाणं आहे, जावळ आहे, मुंज आहे. आत्याच्या लग्नात भाच्याला पाठवायचं की नाही यावरून झालेलं भांडण न्यायालयापर्यंत जाऊ शकतं. ज्यांचं कुटुंब परदेशात आहे त्यांचा प्रश्न आणखी अवघड. अमेरिकेत नांदणाऱ्या जोडप्याचं बिनसलं आणि एकजण मुलाला घेऊन पुण्याला निघून आला, असं घडतं. मुलांना बेकायदा दुसऱ्या देशात नेण्याबाबतचा 1980 चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही, त्यामुळे दोन देशांतली न्यायालयं दोन वेगळे आदेश देऊन बसतात आणि मूल मध्ये लटकतं. पासपोर्ट कुणाकडे राहील आणि प्रवासाला कुणाची संमती लागेल, हे अशा घरांत पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवं.

पैशाचं वेगळं सांगायला हवं, कारण बहुतेक आराखडे तिथेच मोडतात. ‘पोटगी देत नाही, मग मुलाला भेटू देणार नाही’ आणि ‘भेटू देत नाही, मग पोटगी देणार नाही’, ही दोन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की कुठलं आधी आलं हे त्या माणसांनाही आठवत नसतं. दोन्ही चूक आहेत. जेवण आणि शाळेचा खर्च मुलाचा आहे, भेटही मुलाची आहे. एकासाठी दुसरं तारण ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं असा दंडक घातला. तसंच मुलाच्या आराखड्याचंही करता येईल. पैशाची थकबाकी असेल तर वसुली वेगळी आणि कडक व्हावी, भेट थांबू नये. भेट अडवली तर त्याचा उपाय वेगळा आणि लवकर व्हावा, खर्च थांबू नये.

आणि वडिलांना इथे थेट काही सांगायचं आहे. दोन्ही पालक हवेत म्हणजे कामही दोघांचं. रविवारी मॉलमध्ये नेऊन पिझ्झा खायला घालणारा बाबा आणि सोमवार ते शनिवार पाढे, डबा, ताप, पालकसभा सांभाळणारी आई, अशी वाटणी झाली की मुलाच्या डोळ्यांत बाबा मजेचा आणि आई कटकटीची होते. त्या आईने चिडू नये अशी अपेक्षा कुणी करू नये. आराखड्यात गृहपाठ, डॉक्टर, शिक्षकांची भेट यांचीही वाटणी हवी. ज्या बापाला मूल हवं आहे त्याने बुधवारचा गणिताचा सराव आपल्याकडे घ्यावा. घेणारे आहेत, मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या वह्यांत ते दिसतं.

कुणी म्हणेल, मारहाण करणाऱ्या नवऱ्याबरोबर बाईने टेबलाशी बसायचं का? मुळीच नाही. घरगुती हिंसाचाराची तक्रार असेल, मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तिथे सहकार्याची सक्ती हा बाईवर दुसरा अत्याचार ठरेल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 मध्ये मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीला देण्याची, आणि भेटीने मुलाला धोका असेल तर ती नाकारण्याची तरतूद आहे. ती तशीच राहायला हवी. माझ्या मागणीत पहिली चाळणी हीच असेल: समुपदेशकाने दोघांना वेगवेगळं भेटून हिंसेबद्दल विचारायचं, आणि तशी शंका आली तर एकत्र बैठक होणारच नाही, प्रस्ताव वेगवेगळे येतील.

याच कारणासाठी निम्मा-निम्मा वेळ कायद्यानेच ठरवून टाकावा ही मागणी मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये दोन्ही पालकांची जबाबदारी समान धरून चालायचं असा कायदा केला होता. लोकांनी त्याचा अर्थ ‘समान वेळ’ असा लावला, असुरक्षित घरांतल्या बायका-मुलांची त्यात कुचंबणा झाली, आणि 2024 पासून ते गृहीतक काढून टाकण्यात आलं. आपल्या विधी आयोगाने, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना, 2015 च्या 257 व्या अहवालात संयुक्त ताबा हा एक पर्याय म्हणून कायद्यात आणावा, मध्यस्थीला जागा द्यावी आणि पालकत्वाच्या आराखड्याची पद्धत घालून द्यावी, अशा शिफारशी केल्या. ती दिशा बरोबर आहे. वेळाची वाटणी प्रत्येक मुलाप्रमाणे वेगळी, पण आराखडा प्रत्येक मुलाला.

सिंगापूरने 2016 पासून एक गोष्ट केली. मुलं लहान आहेत आणि अटींवर एकमत नाही अशा जोडप्यांना घटस्फोटाचा अर्ज करण्याच्या आधीच एका समुपदेशनाच्या सत्राला बसणं सक्तीचं केलं, आणि 2024 पासून एकमत असलेल्यांनाही. तिथे संसार जोडण्याचा उपदेश नसतो, वेगळं झाल्यावर मुलाचं काय होतं आणि त्याला काय लागतं हे समजावून सांगितलं जातं. आपल्याकडे समुपदेशनाचा पहिला रोख अजूनही ‘पुन्हा नांदा’ असाच असतो. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयावर बंधनकारक केलं आहे, त्यामुळे तो रोख समजू शकतो. पण ज्यांचं ठरलेलंच आहे, त्यांच्या बाबतीत ते तास मुलासाठी वापरावेत. संमतीच्या घटस्फोटात दोन टप्प्यांमध्ये सहा महिन्यांचा काळ असतो. 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर तो माफ करता येतो, पण त्यासाठीच्या अटींमध्ये पोटगी आणि मुलाच्या ताब्याचा प्रश्न खरोखर मिटलेला असणं ही एक अट आहे. ‘मूल आईकडे, वडिलांना वाजवी भेटीची मुभा’ अशी एक ओळ संमतीच्या अटींत घातली की तो प्रश्न मिटला असं धरलं जाऊ नये. वाजवी म्हणजे काय, यावरूनच पुढची पाच वर्षं भांडण चालतं.

जाता जाता आजी-आजोबांबद्दल. आराखड्यावर सह्या दोघांच्या असतील, पण तो टिकवणारी किंवा मोडणारी माणसं बहुतेक वेळा मागच्या खोलीत असतात. लेकीवर अन्याय झाला म्हणून पेटलेले आजोबा, सुनेने नातू तोडला म्हणून रडणारी आजी. त्यांचं दुःख खरं असतं आणि त्यांच्याशी कुणीच बोलत नाही. एखादं सत्र त्यांच्यासाठीही ठेवलं तर फार फरक पडेल. दाराशी उभी असलेली ती आजी खोलीत येऊन दोन मिनिटं बसली असती, तर मुलाला मान वळवावी लागली नसती.

आता ज्यांचा न्यायालयाशी संबंधच येत नाही त्यांचं काय? 2011 च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित व्यक्तींपेक्षा नुसत्याच विभक्त राहणाऱ्यांची संख्या अडीच पटीहून अधिक होती. आपल्या गावागावांत परित्यक्ता स्त्रिया मुलांना घेऊन माहेरी राहतात, नवऱ्याने दुसरं घर केलेलं असतं, कागद कुठेच नसतो. यांच्यासाठी न्यायालयातला अर्ज आणि त्याला जोडलेला आराखडा काही कामाचा नाही. त्यांच्यापर्यंत पोचू शकतात ते पोलिसांचे भरोसा सेल, महिला समुपदेशन केंद्रं, तालुक्याच्या विधी सेवा समित्या आणि शाळा. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मोफत विधी सहाय्य मिळतं, हे अजून किती जणींना माहीत असतं? आराखड्याचा दोन पानी सोपा मराठी नमुना या सगळ्या ठिकाणी ठेवला, तर न्यायालयात न जाताही तो भरून घेता येईल.

आम्हा शाळांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. प्रगतिपुस्तकाच्या दोन प्रती. पालकसभेला दोन वेगळ्या वेळा, विचारणाऱ्याला कारण न विचारता. व्हॉट्सॲप गटात, न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर, दोन्ही पालकांचे नंबर. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं याची दोघांच्या सहीची यादी. आणि प्रवेश अर्जात वडिलांची सही नाही म्हणून आईला परत पाठवणं बंद. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा निर्णय राज्य सरकारने घेतला आहे. कागदावर आई आली, तशी ती कार्यालयाच्या खिडकीवरही यायला हवी.

शेवटी अंमलबजावणी. आराखडा मोडला तर काय? आज उत्तर एकच: पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. शनिवारची भेट बुडाली आणि त्याची सुनावणी दोन महिन्यांनी झाली, तर तो आदेश असून नसल्यासारखा. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या ताब्याचे अर्ज मार्च-एप्रिलमध्ये येतात, आणि उत्तर येईपर्यंत सुट्टी संपत आलेली असते. यासाठी प्रत्येक प्रकरणाला एक समुपदेशक नेमून द्यावा, आणि ठरलेल्या आराखड्यातल्या लहान अडचणी, वेळ बदलणं, बुडालेल्या भेटीची भरपाई, आजारपणातली सूट, या त्याने आठवड्याच्या आत फोनवरून सोडवाव्यात. मोठा वाद असेल तरच न्यायाधीशांपुढे. रोजच्या बोलण्याबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या यशिता साहू निकालात सांगूनच ठेवलं आहे, की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. ती पाच मिनिटं कुठल्या वेळी, कुणाच्या फोनवरून, आणि त्या वेळी बाजूला कुणी उभं राहायचं नाही, हे आराखड्यात लिहिलेलं असलं की त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी संसदेकडे जायचीही गरज नाही. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 21 ने उच्च न्यायालयाला कार्यपद्धतीचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे, कलम 23 ने राज्य सरकारला. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात 1989 पासून कुटुंब न्यायालयं आहेत आणि विवाह समुपदेशकांची पदं न्यायालयातच असण्याची इथली परंपरा जुनी आहे, म्हणजे माणसं आहेत, अनुभव आहे. पदं वाढवावी लागतील, आणि जिथे कुटुंब न्यायालय नाही त्या तालुक्यांच्या दिवाणी न्यायालयांत किमान ठरावीक दिवशी समुपदेशक बसवावा लागेल. त्याला पैसे लागतील, ते राज्याने द्यावेत. बाकी नियमाचा मसुदा चार ओळींचा आहे: अठरा वर्षांखालचं मूल असलेल्या प्रत्येक प्रकरणात पहिल्या तारखेपूर्वी दोघांची समुपदेशकाबरोबर वेगवेगळी भेट, तीस दिवसांत पालकत्वाचा आराखडा, तोवर मुलाच्या शाळेत आणि राहण्याच्या जागेत एकतर्फी बदल नाही, आणि या काळात एकमेकांविरुद्ध ताब्याची शपथपत्रं नाहीत.